रापणीचं फडकं

भिकाजीच्या घराला ना जमीन होती ना होडी. दारातले माड सोडले तर दाखवण्यासारखं काही नव्हतं. होती ती एक नजर. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, पाणी दाखवण्याचं काम आज्यापासून या घरात चालत आलेलं.

आचऱ्याच्या अलीकडे, वाळू संपून खडक सुरू होतात तिथे, एक काळा कातळ समुद्रात पुढे घुसलेला आहे. मोसमात रोज सकाळी त्याच्यावर एक माणूस फडकं घेऊन उभा राही. खाली होडीत जाळं भरून तांडेल आणि त्याची माणसं तयार बसलेली असत. बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ आला की पाण्याचा रंग बदलतो. तो बदल खालच्याला दिसत नाही, वरच्याला दिसतो. वरच्याने फडकं उचललं की होडी सुटायची, तो हात फिरवील तशी वळायची, आणि थव्याला वेढा घालून जाळं सोडत परत किनाऱ्याला लागायची. मग जाळ्याचे दोन्ही दोर वाळूवर येत आणि सगळी वाडी ते ओढायला लागे. बापये, बायका, म्हातारे, आणि वाटेने कोणी चाललेला असला तर तोही. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा द्यायचा, मग तो कुठलाही असो, अशी रीत होती. पण हे सगळं त्या वरच्या माणसाच्या डोळ्यांवर. तो चुकला की वाडीची सकाळ गेली, आणि कधी कधी संध्याकाळची चूलही.

हे काम भिकाजीच्या बापाने, नानाने, उभं आयुष्य केलं. चकाकणाऱ्या पाण्याकडे बघून बघून त्याच्या डोळ्यांवर पडदा आला. आधी लांबच्या होड्या दिसेनाशा झाल्या, मग जवळची माणसं. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर महादू तांडेलाने नानाच्या हातचं फडकं घेतलं आणि सगळ्यांसमोर भिकाजीच्या हातात दिलं. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. वाडीतली बरीच पोरं मुंबईला गिरणीत लागली होती. विशीतल्या पोराला घरबसल्या असा मान मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हती. भिकाजीच्या आईने, पार्वतीने, देवापुढे साखर ठेवली.

भिकाजीला मात्र पायाला दावं बांधल्यासारखं वाटलं.

उभं राहायचं आणि बघायचं. काय बघायचं, तर काल बघितलं तेच. बाप इथे उभा राहिला आणि डोळे देऊन घरी बसला. आपणही असेच उभे राहू, आपलेही डोळे जातील, आणि जन्माला येऊन काय केलंस असं कोणी विचारलं तर सांगायचं, बांगडे दाखवले. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरला. भाकरीच्या घासाबरोबर तो वर यायचा.

त्याचा जीव सगळा दुसरीकडे होता. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळ्या गावोगाव फिरू लागत. त्यातल्या एका मंडळीत गुरुदास नावाचा राजपार्टी होता. राजाचं काम त्याने करावं आणि बाकीच्यांनी बघावं, असं भिकाजीचं म्हणणं. खाडीपलीकडच्या पोरांचा राजा वेगळा होता, दुसऱ्या मंडळीतला. त्यावरून बाजारात, खाडीच्या तरीवर, लग्नाच्या पंगतीत भांडणं व्हायची. एकदा भिकाजीने आपल्या राजाच्या पायी एकाचं डोकं फोडलं होतं. गुरुदास ठेवतो तसे त्याने केस मानेपर्यंत वाढवले होते. पंचा तो खांद्यावरून शेल्यासारखा टाकायचा. जत्रा कितीही लांब असो, हा चालत जायचा, आणि राज्य गेलेला राजा रानात एकटा बसून डोळे पुसतो तो प्रवेश बघून पोटभर रडून यायचा. तसलं रडू त्याला घरात कधी आलं नव्हतं, आजा गेला तेव्हाही नाही.

वाडीत त्याची टर उडायची. त्याच्याच वयाचा बाळा तर पिच्छाच पुरवायचा.

"राजेसाहेब, दोर धरलास काय? धनुष्य नाय ता. ओढा जरा, प्रजा दमली."

"तुका काय कळता रे त्यातला?"

"माका बांगड्यातला कळता. राजाक तळून खाऊक येणा नाय."

बाळाला उत्तर द्यायचं तर राजा कशासाठी असतो हे सांगावं लागलं असतं, आणि ते त्याचं त्यालाही नीट सांगता येत नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं त्या सुमारास तो एकदा खळ्यात नानासमोर बसला होता. नाना रोजच्यासारखी उजळणी घेत होता.

"पाणी काळा दिसला की आदी खंय बघूचा?"

"वर."

"कित्याक?"

"ढगाची सावली आसली तर."

"सावली आणि थवो, कसो ओळखशीत?"

"सावली वाऱ्यावांगडा जाता. थवो वाऱ्याक इचारणा नाय." भिकाजीने पाठ केल्यासारखं सांगितलं आणि जरा थांबून म्हणाला, "नाना, मी मंडळीत जाऊ?"

"खंयच्या मंडळीत?"

"दशावतारात. गुरुदासांच्या."

नानाने हातातली सुपारी कातरायची थांबवली. "बोलावल्यान त्यान तुका?"

"नाय. पण मी इचारतलंय."

"जा बाबा. अडवणारो मी कोण." नानाने अडकित्ता खाली ठेवला. "पण ह्या घरात तुका देवक माझ्याकडे दुसरा काय नाय, ह्या ध्यानात ठेव. फडका एकदा दुसऱ्या घरात गेला की परत येणा नाय. महादू काय, कोणी काय, तसो नियमच आसा."

आतून पार्वती म्हणाली, "केस काप आदी. मगे राजा हो."

मार्गशीर्षातली सकाळ होती. दोन दिवस जाळ्याला काही लागलं नव्हतं आणि वाडी तोंड आवळून बसली होती. भिकाजी कातळावर उभा होता. वारा जमिनीकडून सुटलेला, आकाशात कापसासारखे सुटे सुटे ढग. एवढ्यात त्याला किनाऱ्याच्या त्या टोकाला माणसांची ओळ दिसली. पुढच्या दोघांच्या डोक्यावर पेटारे. पेटारे म्हणजे मंडळी. आदल्या रात्रीची जत्रा आटपून ते खाडीच्या तरीकडे निघाले होते, पलीकडच्या गावी. त्यातला तिसरा माणूस कोण हे भिकाजीने चालीवरून ओळखलं. ती चाल तो आरशाशिवाय वर्षभर घोटत होता.

आता गुरुदास इथून जाणार. मी इथे उभा आहे हे तो बघेल का? खाली वाळूत सगळी माणसं बसलेली, आणि एकटा मी वर.

आणि तेवढ्यात पाणी काळं पडलं.

कातळाच्या उत्तरेला मोठा काळा डाग, कडेने जरासा हलणारा. भिकाजीने वर बघितलं नाही. त्याने त्या ओळीकडे बघितलं. ती आता जवळ आली होती. मग त्याने फडकं उचललं, पण बाप उचलायचा तसं नाही. एक पाय पुढे टाकून, कंबर मागे नेऊन, राजा तलवार उपसतो तसं. फडकं डोक्यावरून फिरवलं, हात खाली आणला, पुन्हा वर नेला. खाली महादूने हाक दिली. होडी पाण्यात गेली, वल्ही पडली, आणि भिकाजीच्या हाताच्या इशाऱ्यावर ती वळली, पुन्हा वळली. सगळी वाडी त्याच्या हाताकडे बघत उभी होती. मंडळीही थांबून बघू लागली. इतका वेळ कोणी आपल्याकडे बघतंय हे सुख भिकाजीला पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

जाळं पडलं. दोर वाळूवर आले. पेटारे खाली ठेवून मंडळीतल्या माणसांनी कासोटे मारले आणि तीही दोराला लागली. गुरुदास लागला. भिकाजी कातळावरून उतरला आणि मुद्दाम त्याच्या मागची जागा धरली.

पुढे ती पाठ होती. बारीक, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. कानाच्या पाळीमागे पांढऱ्या रंगाची रेघ राहून गेलेली. दोन हात ओढलं की माणूस खोकायचा, थांबायचा, परत ओढायचा. टाचांना भेगा होत्या आणि एका भेगेत मेण भरलेलं. रंग आणि मुकुट नसला तर बाजारात हा माणूस आपल्याला धक्का देऊन गेला असता आणि आपण वळूनही बघितलं नसतं, असं भिकाजीच्या मनात आलं. ते त्याने झटकून टाकलं.

"आज मंडळीक बांगडे मिळतीत मा?" गुरुदासने मागे न बघता विचारलं. "दोन दिस निस्ती पेज आसा. देवळाच्या ओसरीर चूल पेटयची, त्यात घालूक काय नाय."

"मिळतीत. पोटभर मिळतीत," भिकाजी म्हणाला.

जाळं जसजसं जवळ आलं तसं महादूच्या लक्षात आलं. दोराला जो जिवंत ओढा लागायला हवा तो नव्हता. जाळं नुसतं पाण्याचं वजन घेऊन येत होतं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. ओढायचा ताल तुटला. शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर आली. तिच्यात चिकट, पारदर्शक जेलीसारखे गोळे होते, थोडं शेवाळ, आणि तळहाताएवढे चारदोन चपटे लेपे.

महादूने आकाशाकडे बघितलं. मोठा ढग आता खाडीच्या तोंडावर जाऊन पोचला होता, आणि त्याच्या खाली पाण्यात तसलाच काळा डाग त्याच्याबरोबर गेला होता. त्याने भिकाजीला शिवी दिली नाही. जवळ येऊन त्याच्या खांद्यावरचं फडकं काढून घेतलं, नीट चौघडी घातली आणि आपल्या कमरेला खोचलं.

"आवशीक सांग, आज मासळी नाय," तो म्हणाला. "आणि नानाक काय सांगशीत ता तू बघ."

माणसं पांगली नाहीत. दिवस अजून चढला नव्हता. जाळं धुऊन, होडीत भरून, दुसरा डाव लावता आला असता. बाळा वाळूत बसून जाळ्यातले गोळे झटकत होता. त्याने आज टर उडवली नाही. ते भिकाजीला जास्त लागलं.

मंडळी पेटाऱ्यांजवळ जाऊन टेकली होती. भिकाजी तिथे गेला आणि गुरुदाससमोर उभा राहिला. इतके दिवस जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना.

"तो वर फडक्यान नाचत होतो तो कोण रे?" गुरुदासनेच विचारलं.

"मी."

"बरो नाचत होतंस." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "हातात जोर आसा तुझ्या. पण मासळी काय त्याका भुलली नाय."

"मी तुमचे सगळे काले, सगळी नाटकां बघितलंय," भिकाजी म्हणाला. "गेल्या वर्साची एक जत्रा चुकवलंय नाय. तुमी रानात बसान रडतात मा, त्याबरोबर मी पण रडतंय."

गुरुदासने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे लाल होते, कडांना सुजलेले. "रडतंस?"

"सगळे रडतत. तुमी खऱ्यान रडतात म्हणान."

"तो परवेस पहाटेक येता," गुरुदास म्हणाला. "रातभर उभो, डोळ्यात रंग गेललो, त्यात झोप. डोळ्यांतसून पाणी येता ता पुसतंय. पयल्या वर्साक लोक रडले, तसो मालक म्हणालो, दरदिवशी पूस. म्हणान पुसतंय." तो खोकला. "रडूचा माका सुचणा नाय थय. कधी एकदा पाठ टेकतंय असा होता."

भिकाजी खाली वाळूत बसला. बाजूला मंडळीतला कोणीतरी हसला, "गुरुदासा, गिऱ्हाईक घालवतंस मेल्या."

"मगे तुमी ह्या कित्याक करतात?" भिकाजीने विचारलं. त्याला स्वतःचाच आवाज लहान पोरासारखा वाटला.

"बापूस करी. तो गेलो तेवा मुकुट माझ्या डोक्यार ठेवल्यानी. माका कोणी इचारल्यानी नाय." गुरुदासने टाचेतलं मेण बोटाने दाबून बसवलं. "तुझा बरा आसा. तू चुकलंस ता सगळ्यांका कळला. मी चुकलंय तर कोणाक कळणा नाय. भाषण इसरलंय तर दुसरा काय तरी बोलतंय, लोक टाळ्ये मारतत. बरा केलंय काय वायट केलंय, इतक्या वर्सांत माकाच कळला नाय."

मंडळीचा मालक उठला. पेटारे उचलायची वेळ झाली होती. दोघांतला एक पेटारेवाला तापाने फणफणला होता, त्याला उभंही राहवत नव्हतं. मालकाने इकडे तिकडे बघितलं.

"ए झिला, तरीपर्यंत पेटारो घेशीत?"

वर्षभर भिकाजी ज्या शब्दांची वाट बघत होता ते असे आले. त्याने कातळाकडे बघितलं नाही. चुंबळ डोक्यावर घेतली, दोघांनी पेटारा वर दिला, आणि तो निघाला. पेटाऱ्यात मुकुट होते, शेले होते, लाकडाच्या तलवारी होत्या, मंडळीच्या पूजेचा देव होता. मान खांद्यांत रुतली. मागून कोणीतरी त्याच्या नावाने हाक मारल्यासारखं वाटलं, पण डोक्यावर पेटारा असताना वळून बघता येत नाही. त्याला वळायचंही नव्हतं. वाडीत आता बघण्यासारखं काही उरलं नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तरीवर होडी लागलेलीच होती. पेटारे आत गेले, तापाने फणफणलेल्या पेटारेवाल्यालाही धरून आत बसवलं. मालक म्हणाला, "येतंस तर ये. हो मेलो काय मोसमभर उठणा नाय. पण पेटारोच उचलूचो, आदीच सांगतंय. सोंग मिळाचा नाय. पोटाक जा काय मिळात ता."

"येतंय," भिकाजी म्हणाला.

"घराकडे कोण?" गुरुदासने होडीत बसता बसता विचारलं.

"आवस, बापूस. बापूस पाणी दाखयत होतो. आता त्याका दिसणा नाय."

"मगे त्या खडकार आता कोण उभो आसा?"

भिकाजीच्या डोळ्यांसमोर कातळ आला, रिकामा, आणि खाली वाडी, होडीत जाळं भरलेलं, सगळ्यांचे चेहरे वर आणि वर कोणी नाही. वाडीतलं एवढं एक चित्र त्याने कधी पाहिलं नव्हतं, कारण तिथे कोणी ना कोणी त्याच्याच घरातलं असायचं.

"कोण नाय," तो म्हणाला.

गुरुदासने गुडघ्यावर डोकं टेकलं आणि होडी सुटायच्या आत तो झोपलाही. तोंड उघडं, हात मांडीवर उपडे. भिकाजीचं नावसुद्धा त्याने विचारलं नव्हतं. भिकाजीने होडीच्या काठावरचा हात काढून घेतला.

"येतंस काय नाय?" तरवाला ओरडला.

होडी गेली. भिकाजी आधी चालत निघाला, मग पळत. फडकं मागायचं, महादूचे पाय धरायचे, आज सगळ्यांसमोर थोबाडीत खायची, पण दुसऱ्या डावाला वर उभं राहायचं. हे काम त्याला आवडू लागलं होतं असं नाही. पळताना त्याला एवढंच कळत होतं की आपण चुकल्याचं जिथे कळतं, अशी आपल्याला जगात एकच जागा आहे.

वळणावरून किनारा दिसला तेव्हा दोर ओढले जात होते. ओरड चालली होती, ताल लागला होता, आणि पाण्यात जाळ्याच्या पोटाशी चांदी उकळत होती. बगळे आणि घारी वर घिरट्या घालत होत्या. कातळावर बाळा उभा होता. फडकं त्याच्या हातात होतं, आणि तो ते छातीशी धरून, विसरल्यासारखा, खाली त्या बांगड्यांकडे बघत होता.

वाळूत एका बाजूला नाना उभा होता, काठी टेकून. पार्वतीने त्याला हात धरून आणलं होतं. पुढे भिकाजीला कळलं ते असं की, रिकामं जाळं आल्याची खबर घरी पोचल्यावर नाना आला आणि महादूला म्हणाला, पोरगो आसा, एक डाव माफ कर. महादूने कमरेचं फडकं काढलं आणि हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली. थवा तर आला होता, पाणी कोणाची वाट बघत नाही. बाळा म्हणाला, माका दिसता. मग महादू काय करणार.

भिकाजी दोराच्या शेवटाला जाऊन उभा राहिला, जिथे म्हातारे आणि बायका असतात. ओढलं. वाटे झाले तेव्हा त्यालाही वाटा मिळाला, दोराला हात लावणाऱ्याचा. बाळा त्याच्याजवळ आला, काहीतरी बोलणार होता. भिकाजीच म्हणाला, "पाणी बरा दाखयलंस."

"वर बघितलंय आदी," बाळा म्हणाला, आणि मग त्याला ते बोलल्याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी पार्वतीने तिरफळं घालून बांगड्याची कढी केली. नाना भातात बोटांनी काटा चाचपून काढत होता. तिघं जेवत होती.

"हाक ऐकलंस नाय?" नानाने विचारलं.

"ऐकलंय."

"मगे?"

"डोक्यार पेटारो होतो."

नानाने काटा ताटाच्या कडेला ठेवला, आणि दुसरा शोधू लागला. "जड आसता?"

"आसता."

"हां," नाना म्हणाला. पार्वतीने त्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. त्याने तो हाताने दाबून बघितला, ताजा होता, आणि तो जेवू लागला.